लुगड्याची पट्टी आणि विजेचा झटका

मागच्या रविवारी दिव्यांग दाखल्याच्या रांगेवर लिहिलं होतं. त्यावर एका ताईंचा इनबॉक्समध्ये मेसेज आला. मुलगा अकरा वर्षांचा, स्वमग्न, बोलत नाही. दिवसातून कितीतरी वेळा स्वतःच्या गालावर, कानावर बुक्क्या मारून घेतो. शाळेनं सांगितलंय, हात बांधून पाठवा, नाहीतर पाठवू नका. "दादा, कायदा काय म्हणतो?"

कायद्याचं थोडक्यात सांगतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळीनं बांधायला साफ बंदी घातली, पण त्या कायद्यातल्या 'मानसिक आजारा'च्या व्याख्येतून बौद्धिक अक्षमता वगळलेली आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा मात्र क्रूर आणि अपमानास्पद वागणुकीपासून संरक्षण देतो आणि त्यात स्वमग्नता स्पष्ट नावानिशी आहे. एवढं ताईंना कळवलं. पण खरा प्रश्न कायद्याचा नाहीच. पोरगं स्वतःला मारतं का, हा प्रश्न आहे. तो शाळेनं विचारला नव्हता. आमच्या घरीही तो बरीच वर्षं कुणी विचारला नाही.

माझा धाकटा भाऊ. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तेव्हा सरकारी कागदावरसुद्धा 'मतिमंद' हाच शब्द होता. अकराव्या वर्षापासून तो उजव्या गालावर मारून घ्यायला लागला, गाल काळानिळा व्हायचा. देवऋषी झाला, अंगारा झाला, तालुक्याचे डॉक्टर झाले. डॉक्टर म्हणाले, अशी मुलं असं करतातच. मग आईनं जुन्या लुगड्याची पट्टी फाडली आणि रात्री त्याचे हात खाटेला बांधायला लागली. बांधताना रडायची. तीन वर्षं.

मोठी पोस्ट होणार आहे, चहा घेऊन बसा. कारण 'अशी मुलं असं करतातच' या वाक्याला मोठा इतिहास आहे आणि तो बराचसा अमेरिकेत घडला.

१९६० च्या दशकात तिथं दोन मतं जोरात होती. एक, दोष आईचा. आई मायेनं थंड, म्हणून मूल असं. ब्रूनो बेटेलहाइम यांचं १९६७ चं गाजलेलं पुस्तक याच सुरातलं. (आपल्याकडे पूर्वजन्मीचं पाप म्हणायचे, तिकडे आईच्या या जन्मीचं. बिल फाडायचं बाईच्याच नावावर.) दुसरं मत, मोठमोठ्या संस्थांतल्या मुलांचं काही होण्यासारखं नाही, त्यांना बांधून ठेवा.

लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या इव्हार लोवास यांनी ही दोन्ही मतं बाजूला ठेवली आणि मोजायला सुरुवात केली. मूल स्वतःला मारतं तेव्हा जवळ जाऊन प्रेमानं समजावलं तर काय होतं? मारणं वाढतं, असं १९६५ मध्ये त्यांच्या गटाला दिसलं. म्हणजे या वागण्याचा भोवतालच्या माणसांशी काहीतरी संबंध आहे. हा शोध मोठाच होता. पण पुढचं पाऊल त्यांनी जे टाकलं, ते वाचताना आजही हात थांबतो. लक्षच द्यायचं नाही म्हटलं तर मूल थांबण्याआधी हजारो वेळा स्वतःला मारून घ्यायचं. म्हणून त्यांनी विजेचा झटका द्यायला सुरुवात केली. थोड्याच झटक्यांत मारणं थांबलं. 'लाइफ' मासिकानं १९६५ मध्ये फोटोंसह या कामावर लेख छापला.

लोवास राक्षस होते असं मला म्हणायचं नाही. वर्षानुवर्षं खाटेला बांधलेली मुलं मोकळी करायची म्हणून त्यांनी हे केलं. पण १९६९ च्या त्यांच्याच निबंधात एक गोष्ट नोंदवलेली आहे. ज्या खोलीत, ज्या माणसाकडून झटका बसला, तिथंच मारणं थांबायचं. दुसरी खोली, दुसरा माणूस आला की पुन्हा सुरू. मूल एवढंच शिकलं होतं की इथं नको. त्याचं मूळ दुखणं होतं तिथंच होतं.

याच काळात बाल्टिमोरला वेगळंच काही चाललं होतं. मायकेल लेश नावाचा वैद्यकीय विद्यार्थी आणि त्याचे शिक्षक विल्यम नायहन यांनी १९६४ मध्ये दोन भावांच्या आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं. रक्तात युरिक ॲसिड प्रचंड आणि मुलं स्वतःचे ओठ, बोटं चावणारी. पुढं १९६७ मध्ये कळलं की एका एन्झाइमची जन्मजात कमतरता हे त्याचं मूळ आहे. या मुलांना वेदना कळतात, चावायचं नसतं, तरी थांबता येत नाही. हात मोकळे केले की ती घाबरतात, बांधले की शांत होतात. म्हणून 'बांधणं नेहमीच पाप' असं मी सरसकट म्हणणार नाही. काहींच्या बाबतीत कारण खरंच शरीराच्या रसायनात असतं.

खरं वळण आलं १९७७ मध्ये. एडवर्ड कार यांनी तोवरचा सगळा अभ्यास एकत्र मांडून सांगितलं की कारण एक नाही, अनेक आहेत. कुणी लक्ष मिळावं म्हणून मारतं, कुणी नकोशा कामातून सुटका व्हावी म्हणून, कुणाला त्या संवेदनेतच काही मिळतं, कुणाचं कारण शरीरातलं. मग एकच औषध सगळ्यांना कसं चालेल?

१९८२ मध्ये ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी हे प्रत्यक्ष तपासलं. तेही बाल्टिमोरलाच. नऊ जण घेतले. आधी वैद्यकीय तपासणी, इजा किती झाली की थांबायचं हे डॉक्टरांशी ठरवलेलं. मग पंधरा-पंधरा मिनिटं वेगवेगळी परिस्थिती. एकदा मोठं माणूस आपल्या कामात आणि मूल स्वतःला मारेल तेव्हाच 'नको ना असं' म्हणणार. एकदा अभ्यास द्यायचा आणि मारलं की तो थांबवायचा. एकदा नुसता खेळ. एकदा एकटं. नऊपैकी सहा जणांत मारणं एका ठरावीक परिस्थितीत सातत्यानं जास्त दिसलं. १९९४ पर्यंत अशा १५२ जणांची नोंद झाली. त्यात सर्वात मोठा गट, ३८ टक्क्यांहून थोडा जास्त, 'हे काम नको, यातून सोडवा' म्हणणाऱ्यांचा होता. लक्ष वगैरे मिळवण्यासाठी मारणारे साधारण २६ टक्के. आपण मात्र कुठल्याही पोराला बघून म्हणतो, लाडानं शेफारलंय, लक्ष देऊ नका.

आणि सुटका हवी म्हणून मारणाऱ्या पोराला शिक्षा म्हणून वर्गाबाहेर बसवलं, तर? त्याला हवं तेच दिलं की.

कार आणि मार्क ड्युरंड यांनी १९८५ मध्ये पुढची गोष्ट करून दाखवली. चार मुलं घेतली. काम जमत नाही म्हणून बिथरणाऱ्याला 'मला समजत नाहीये' असं म्हणायला शिकवलं, लक्ष हवं असणाऱ्याला 'मी नीट करतोय ना?' असं विचारायला. त्रासदायक वागणं कमी झालं. चुकीचं वाक्य शिकवलं, म्हणजे कारण एक आणि वाक्य दुसऱ्याच कारणाचं, तर उपयोग झाला नाही. बोलता येत नसेल तर खूण, चित्राचं कार्ड चालतं. मला या सगळ्या इतिहासातलं सर्वात आवडतं पान हे.

औषधंही आली. स्वमग्न मुलांच्या तीव्र चिडचिडीवर रिस्पेरिडोनला अमेरिकेत २००६ मध्ये मान्यता मिळाली. उपयोग होतो, वजन वाढतं, गुंगी येते. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावं.

एवढं कळूनही झटका संपला नाही, ही लाजिरवाणी गोष्ट. मॅसॅच्युसेट्समधल्या जज रोटेनबर्ग सेंटर या संस्थेत अंगावर बांधलेल्या यंत्रातून झटके देणं चालूच राहिलं. २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या छळविषयक प्रतिनिधीनं त्यावर छळाचा ठपका ठेवला. २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं बंदी घातली, २०२१ मध्ये न्यायालयानं ती उठवली, २०२२ अखेर संसदेनं कायदा बदलला, मार्च २०२४ मध्ये बंदीचा प्रस्ताव पुन्हा मांडला गेला.

आता आमच्या घरची उरलेली गोष्ट. भाऊ चौदा वर्षांचा असताना मामा त्याला शहरात एका दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले, तेही तोंडाला वास येतो म्हणून. भूल देऊन तोंड उघडलं. उजवीकडच्या दोन दाढा मुळापर्यंत किडलेल्या, खाली पू. त्या काढल्या. आठवड्यात गालावरचं मारणं जवळपास बंद झालं. तीन वर्षं तो त्याच्या परीनं बोट ठेवून सांगत होता, इथं दुखतंय. आणि आम्ही ते बोटच बांधत होतो. मूल आधीच 'वेडं' ठरलं की त्याचा कान, दात, पोट तपासायचं राहूनच जातं. आई नंतर कधी याबद्दल बोलली नाही. पट्टी मात्र तिनं चुलीत घातली.

सगळं थांबलं असं नाही. लग्नाच्या हॉलमध्ये बँड सुरू झाला की त्याचा हात अजूनही डोक्याकडे जातो. आम्ही जेवणाआधी निघतो, एवढंच. लोक नावं ठेवतात.

ताईंना मी इतकंच सांगितलं की आधी कान, दात, पोट साफ होतं का ते तपासून घ्या, आणि एक वही करा. किती वाजता मारलं, त्याआधी काय चाललं होतं, नंतर आपण काय केलं. काल रात्री त्यांनी दोन पानांचा फोटो पाठवला. पाच दिवसांत सतरा नोंदी. त्यातल्या अकरा सकाळी साडेनऊच्या आसपास, गणवेश घालताना. रविवारी एकही नाही. कानाच्या डॉक्टरांची वेळ गुरुवारची मिळाली आहे.