डायनोवरची अश्वशक्ती आणि हवेचा हिशेब

इंजिनाची अश्वशक्ती डायनामोमीटरवर मोजली जाते; मात्र कागदावर छापला जाणारा आकडा बहुधा मोजलेला नसून 'दुरुस्त' केलेला असतो. हवा विरळ किंवा तप्त असली की सिलिंडरमध्ये प्राणवायू कमी जातो व शक्ती घटते. म्हणून आयएसओ १५८५ या मानकात २५ अंश सेल्सिअस तापमान आणि ९९ किलोपास्कल कोरडा वायुदाब ही संदर्भस्थिती धरून मोजणीला करेक्शन फॅक्टरने गुणले जाते.

टर्बोचार्जर असलेल्या इंजिनाला हा गुणक सरसकट लावता येत नाही. उंचीवर बाहेरचा दाब उतरला की टर्बाइन अधिक वेगाने फिरून तूट अंशतः भरून काढते. म्हणून डिझेल इंजिनांसाठी दाबाच्या गुणोत्तराचा घातांक विनाटर्बो इंजिनाला १, तर टर्बोला ०.७ आहे. सुपरचार्जर क्रँकशाफ्टला जखडलेला असल्याने त्याची गणना विनाटर्बो गटातच होते. पुण्यासारख्या सुमारे ५६० मीटर उंचीवर दाबापोटी वायुघटक विनाटर्बोसाठी सहा, तर टर्बोसाठी चार टक्क्यांच्या घरात वाढतो. पुढे इंधनाच्या प्रमाणानुसार त्याला ०.३ ते १.२ हा आणखी एक घातांक लागतो.

चंद्रपूर जिल्ह्यातील गडचांदूर परिसरात उंचीचा प्रश्न जवळपास नाहीच. येथे खरा शत्रू उन्हाळा! तापमानाचा घातांक विनाटर्बोला ०.७, पण टर्बोला तब्बल १.५ आहे. इंजिनात शिरणारी हवा ४५ अंशांची असेल, तर हा घटक अनुक्रमे पाच व दहा टक्के वाढतो. मे महिन्यात सिमेंट भरून निघालेल्या ट्रकचा चालक ही घट चढावर अनुभवतोच; गुणकाने ती कागदावर भरून निघते, रस्त्यावर नाही.

पेट्रोल इंजिनांच्या सूत्रात टर्बोसाठी वेगळी सवलत नाही. दाबाचा घातांक सरळ १.२ आहे. पुण्याच्या उंचीवर ते सात टक्क्यांच्या आसपास वाढ देते आणि ०.९३ ते १.०७ या अनुज्ञेय पट्ट्याच्या कडेला जाऊन पोहोचते. वेस्टगेटद्वारे निरपेक्ष दाब कायम राखणाऱ्या इंजिनाची शक्ती मुळात फारशी घटलेलीच नसते. तरीही गुणक लावला, तर नसलेली अश्वशक्ती कागदावर उगवते. ट्यूनिंगसाठी मोठी रक्कम मोजणाऱ्या ग्राहकाची फसगत होते ती येथे. त्याने मूळ मोजणी, त्या वेळचे तापमान, वायुदाब व वापरलेले मानक मागून घ्यावे. सुधारणेपूर्वीची व नंतरची चाचणी एकाच डायनोवर, एकाच दिवशी घेतली असेल, तर गुणकाविनाही फरक कळतो.

लेहसारख्या ३,५०० मीटर उंचीवर दाब सुमारे एक तृतीयांशाने घटतो. तेथे टर्बो मर्यादेपलीकडे फिरू नये म्हणून इंधनच कमी करावे लागते.