साथीच्या काळातील दर्यापूर : सांगितलेला आणि न सांगितलेला धोका

पूर्णेच्या खोऱ्यातले दर्यापूर हे खारपाणपट्ट्यातील कापसाचे गाव. चंद्रभागेकाठचे जुने दर्यापूर आणि त्याला लागून वाढलेले बनोसा यांचे मिळून आजचे शहर झाले आहे. १९०५ पर्यंत हा तालुका एलिचपूर (आजचे अचलपूर) जिल्ह्यात होता. तो जिल्हा अमरावतीत विलीन झाला, तसा दर्यापूर तालुकाही अमरावतीत आला. मूर्तिजापूरहून अचलपूरकडे जाणारी अरुंद रुळांची गाडी बनोशाला थांबे. मूर्तिजापूरला मुंबई-नागपूर मार्ग मिळत असल्याने इथला कापूस मुंबईच्या बंदरापर्यंत पोचे, आणि मुंबईचे आजारही त्याच वाटेने इथे येत. साथीत गाडी, बाजार, शाळा, रेशनचे दुकान बंद करावे तर चुली बंद पडतात, आणि चालू ठेवावे तर आजार पसरतो. यातल्या बहुतेक सेवा चालू ठेवणे सरकारला भागच होते. त्या वापरणाऱ्या माणसाला धोक्याची खरी कल्पना दिली गेली का, हा प्रश्न मात्र वेगळा आहे, आणि त्याचा वऱ्हाडातील इतिहास सव्वाशे वर्षांचा आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्या वेळी नगरपालिकेचे अधिकारी उघडपणे ते नाव घ्यायला कचरत होते, कारण नाव घेतले की परदेशी बंदरे मुंबईच्या मालाला दार लावणार होती. साथ लपवण्यासारखी राहिली नाही तेव्हा फेब्रुवारी १८९७ मध्ये अवघ्या चार कलमांचा साथरोग कायदा आला. प्रवाशांची तपासणी करणे, संशयितांना वेगळे ठेवणे आणि हुकूम मोडणाऱ्यास शिक्षा करणे, असे सगळे अधिकार त्याने सरकारला दिले. आजाराची खरी स्थिती लोकांना सांगण्याचे बंधन मात्र सरकारवर एकाही कलमाने घातले नाही. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने करोनासाठी हाच कायदा लागू केला, हे इथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

वऱ्हाडाला सर्वांत मोठा तडाखा १९१८ च्या इन्फ्लुएंझाचा बसला. जुन्या माणसांच्या तोंडी या साथीचे नाव मानमोडी. जूनमध्ये मुंबईच्या गोदीवरचे पोलीस शिपाई तापाने पडले. आजार जहाजावरून आला, असे मुंबईचे आरोग्य अधिकारी टर्नर म्हणत. भारत सरकारला ते मान्य नव्हते. दोष कोणाचा हे ठरवण्यात वेळ जात असताना सप्टेंबरात दुसरी, कितीतरी अधिक घातक लाट उसळली आणि पावसाळा संपता संपता ती रेल्वेने देशात आत शिरली. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. धान्य महागले होते आणि अनेक डॉक्टर युद्धावर होते. कापूस वेचणीच्या तोंडावरच वऱ्हाडातली घरेच्या घरे आडवी झाली. युद्धकाळात गाड्या थांबवणे सरकारला परवडणारे नव्हते. पण ज्या गाडीने आजार येत होता तिच्यात बसणाऱ्याला कोणी सावध केले नाही. भारत सरकारचे आरोग्य आयुक्त नॉर्मन व्हाइट यांनी आपल्या अहवालात साथ पसरवण्यात रेल्वेचा वाटा मोठा असल्याचे स्वच्छ लिहिले. तो अहवाल निघाला तोवर माणसे जायची ती गेली होती. मृत्यूचे प्रमाण अत्यंत भयंकर असलेल्या प्रांतांत मध्यप्रांत व वऱ्हाडाची गणना झाली.

किती माणसे गेली, हेही धड सांगता येत नाही. खेड्यातील जन्म-मृत्यूची खबर कोतवालामार्फत वर जात असे. आज जातीच्या दाखल्यासाठी लोक ज्या कोतवाल बुकाची नक्कल काढायला तहसिलीत जातात, तेच हे बुक. त्यात मृत्यूच्या कारणाचे रकाने ठरलेले होते. पटकी, देवी, प्लेग यांपैकी काही नसले की बहुतेक मृत्यू ‘ताप’ या एका रकान्यात जात. इन्फ्लुएंझाचे बळी हिवतापाच्या बळींशेजारी त्याच रकान्यात बसले. नेहमीपेक्षा किती जास्त माणसे मेली, एवढाच हिशेब मग हाती उरला. देशभरातील मृत्यूंचा पहिला सरकारी अंदाज सुमारे ६० लाखांचा होता; नंतरच्या अभ्यासकांनी तो १ कोटी २० लाख ते १ कोटी ८० लाखांपर्यंत नेला. १९२१ च्या जनगणनेत आजच्या भारताच्या हद्दीतील लोकसंख्या १९११ पेक्षा कमी भरली. ज्याची मोजणीच झाली नाही, तो धोका लोकांना सांगणार तरी कसा?

शंभर वर्षांनी मोजणीची साधने बदलली. मे २०२० मध्ये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात करोना चाचणीची प्रयोगशाळा सुरू झाली आणि जिल्ह्याचे निदान जिल्ह्यातच होऊ लागले. टाळेबंदीत अडकलेली सरकारी कापूस खरेदी रोज ठरावीक गाड्या घेऊन पुन्हा सुरू करावी लागली, कारण घराघरांत कापूस पडून होता आणि खरीप तोंडावर आला होता. हा निर्णय रास्त होता.

खरी कसोटी त्यानंतरच्या हिवाळ्यात लागली. २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग आणि २७ जानेवारी २०२१ पासून पाचवी ते आठवीचे वर्ग उघडण्यास राज्याने मुभा दिली. १५ जानेवारीला ग्रामपंचायतींची निवडणूक झाली. महाविद्यालये १५ फेब्रुवारीला निम्म्या उपस्थितीने सुरू झाली. मुलाला शाळेत पाठवायचे तर पालकाने संमतीपत्रावर सही करायची होती. आपल्या गावात किंवा तालुक्यात त्या आठवड्यात किती चाचण्या झाल्या आणि त्यांत किती बाधित निघाले, हे त्या कागदावर नव्हते. संमती घेताना ज्याची संमती घ्यायची त्याला माहिती द्यावी लागते. इथे सहीबरोबर जबाबदारी तेवढी पालकाच्या पदरात पडली.

महाविद्यालये उघडून आठवडा होतो न होतो तोच, २२ फेब्रुवारीच्या रात्रीपासून अमरावती आणि अचलपूर शहरांत पुन्हा टाळेबंदी आली. पुढे ती ८ मार्चपर्यंत वाढली आणि दर्यापूरशेजारचे अंजनगाव सुर्जीही तिच्यात आले. विषाणू बदलला आहे का, हे जो तो विचारत होता. ब्रिटन, दक्षिण आफ्रिका किंवा ब्राझीलमधील प्रकार इथे आढळले नाहीत, असे राज्याच्या आरोग्य विभागाने १९ फेब्रुवारीच्या सुमारास सांगितले. विधान खरे होते, पण ते मोजक्या नमुन्यांवर बेतलेले होते आणि इथलाच एखादा नवा प्रकार तयार झाला आहे का, याचे उत्तर त्यात नव्हते. महाराष्ट्रातील १५ ते २० टक्के नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर हे दोन बदल दिसतात, हे केंद्राने २४ मार्चला जाहीर केले. ‘इन्साकॉग’ या प्रयोगशाळांच्या गटाने मार्चच्या सुरुवातीलाच इशारा दिला होता आणि मसुद्यातील गंभीर चिंतेचा उल्लेख जाहीर निवेदनात आला नाही, असे वृत्त रॉयटर्सने मे महिन्यात दिले. त्याच कुळातील एका प्रकाराला जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे रोजी डेल्टा हे नाव दिले. या सगळ्या काळात दर्यापूरच्या एसटीचे चालक-वाहक, आशाताई, रेशन दुकानदार आणि बँकेचे कारकून कामावर होतेच. करोना कर्तव्यावर मृत्यू आल्यास ५० लाखांची तरतूद राज्याने कर्मचाऱ्यांसाठी केली होती. मृत्यूनंतर कुटुंबाला पैसे मिळणे हा हक्क आहेच, पण कामावर निघण्यापूर्वी धोका किती हे कळणे हाही तितकाच हक्क आहे.

जुलै २०२१ मध्ये राज्याने वेगळी वाट धरली. ग्रामीण भागात आठवी ते बारावीचे वर्ग १५ जुलैपासून उघडायचे होते, पण मागील महिनाभरात गावात करोनाचा रुग्ण नसला तरच. निर्णय सरपंचाच्या अध्यक्षतेखालील समितीने आणि ग्रामपंचायतीच्या ठरावाने घ्यायचा होता. गावाचा आकडा गावापुढे ठेवल्याशिवाय तो ठराव होऊच शकत नव्हता. १८९७ पासूनच्या हुकूम आणि सूचनांच्या ढिगात लोकांना धोका सांगून त्यांच्याकडून निर्णय घेणारा हा आदेश सर्वांत प्रामाणिक म्हणावा लागेल. तो फेब्रुवारीत निघायला हवा होता.