अश्राव्य ध्वनी आणि गर्भातील जीव

आपल्या वारंगा फाट्यावरून एक रस्ता नांदेडला जातो, दुसरा हिंगोलीला आणि तिसरा हदगाव-उमरखेडवरून नागपूरकडे. ज्या यंत्राची हकिगत आम्ही सांगणार आहोत, त्याच्याही इतिहासात असा एक फाटा आला. ते यंत्र म्हणजे सोनोग्राफीचे. तालुक्याच्या गावी त्याची पाटी प्रत्येकाने पाहिली आहे; पण ते आले कोठून, हे फारसे कोणी विचारीत नाही.

माणसाच्या कानाला सेकंदास सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचाच ध्वनी ऐकू येतो. त्यापलीकडचा ध्वनी आपल्या लेखी नाहीच. वटवाघळाचा मात्र सारा संसार त्यावर चालतो. आंधळे केलेले वटवाघूळही अडथळे चुकवून उडते, हे इटलीतील स्पलान्झानी याने अठराव्या शतकाच्या अखेरीस दाखविले. पुढे १८८० साली पिएर व झाक क्युरी या बंधूंना असे आढळले की, काही स्फटिक दाबले असता त्यांतून वीज उत्पन्न होते. याच्या उलट, वीज दिली तर तोच स्फटिक थरथरतो आणि अश्राव्य ध्वनी काढतो. पहिल्या महायुद्धात लांजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने हा गुण पाण्याखालच्या पाणबुड्या हुडकण्यासाठी वापरला. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास त्याच तत्त्वावर पोलादातील चिरा शोधणारी यंत्रे कारखान्यांत आली.

हे कारखान्यातले यंत्र रुग्णाच्या खाटेपाशी आणण्याचे मोठे श्रेय ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड यांस आहे. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी घेऊन ते १९५५ साली बॉयलरच्या एका कारखान्यात गेले आणि घट्ट गाठीचा व पाण्याने भरलेल्या गाठीचा प्रतिध्वनी निरनिराळा येतो, हे त्यांनी पडताळून पाहिले. मॅकव्हिकर हे डॉक्टर आणि ब्राउन हे अभियंते यांच्यासह त्यांनी १९५८ साली आपला निबंध ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. जिच्या पोटातला कर्करोग आता हाताबाहेर गेला असे समजले जात होते, अशा एका बाईच्या पोटात या यंत्राने पाण्याची साधी गाठ दाखविली. ती काढली आणि बाई वाचली.

यंत्राची रीत अवघड नाही. मऊ मांसातून ध्वनी सेकंदाला सुमारे १,५४० मीटर जातो. दहा सेंटिमीटर खोलीवरून परतायला त्यास सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी सुमारे १३० भाग लागतात. तेवढा वेळ मोजावयाचा आणि त्यावरून अंतर काढावयाचे. अशी असंख्य अंतरे मांडली म्हणजे चित्र उमटते. चिरफाड नाही, क्ष-किरणही नाहीत. जिवंत देहात काय घडते आहे हे ते घडत असतानाच पाहण्याची सोय संशोधकांना यामुळे झाली.

या सोयीचा एक उत्तम उपयोग आपल्याच महाराष्ट्रात झाला. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत मातांच्या आहाराचा अभ्यास आरंभिला. सुमारे आठशे गरोदर स्त्रिया त्यात होत्या. त्यांचे सरासरी वजन अवघे ४२ किलोच्या आसपास. डॉ. अरुण किनरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोनोग्राफीने गर्भाचे डोके, पोट, मांडीचे हाड आणि वार यांची मापे वेळोवेळी घेतली. खेड्यातले मूल जन्मतः सरासरी २.७ किलोचे, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनचे ३.५ किलोचे भरले. ही तूट केव्हा पडते, हा खरा प्रश्न होता. सोनोग्राफीने दाखविले की, युरोपातील गर्भांच्या मानाने आपल्या गर्भाच्या पोटाचा घेर अठराव्या आठवड्याच्या सुमारासच कमी असतो. पाचव्या महिन्यापूर्वीची वारही, आई हडकुळी असेल तर, लहान आढळली. म्हणजे सातव्या-आठव्या महिन्यात डोहाळेजेवण घालून ही तूट भरून निघण्यासारखी नाही.

ज्या माता पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा खात, त्यांची मुले मोठी भरली. शेतातले काम आणि पाणी वाहणे यांचे कष्ट जिला अधिक, तिचे मूल लहान. शिवाय ही मुले वजनाने कमी असली तरी चरबीने तितकी कमी नव्हती. पुढे जडणाऱ्या मधुमेहाची मुळे येथेच असावीत, असे याज्ञिकांनी मांडले. घरात सर्वांचे झाल्यावर शेवटी जेवणाऱ्या बाईचा प्रश्न त्या दिवशी शास्त्राच्या दप्तरात गेला.

आता दुसरा रस्ता. ज्या काळात ही मापे घेतली जात होती, त्याच काळात महाराष्ट्रातच या यंत्राने ‘मुलगा की मुलगी’ एवढेच विचारले जात होते. आधी गर्भजलाच्या परीक्षेने हे चाले. त्याविरुद्ध मुंबईतील कार्यकर्त्यांनी चळवळ केली आणि १९८८ साली महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तो १९९६ पासून अमलात आला. तथापि यंत्रे गावोगाव पोहोचली आणि कायदा कागदावर राहिला. म्हणून सेहत, मासूम या संस्था व डॉ. साबू जॉर्ज यांनी २००० साली सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि २००३ पासून कायदा अधिक कडक झाला. शिरगणतीचे आकडे पाहा. सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात १९९१ साली ९४६ मुली होत्या, २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४. आपल्या मराठवाड्यातील बीड जिल्ह्यात २०११ साली त्या अवघ्या ८०७ होत्या.

यास यंत्र कारण झाले, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु प्रतिध्वनी मुलाचा आणि मुलीचा सारख्याच वेगाने परत येतो. प्रश्न घरातून निघाला होता. यंत्रापाशी तो फक्त पोहोचला. पुण्याजवळच्या त्या खेड्यांतही बायका याच समाजातल्या होत्या. तेथे त्यांना काय खाता, किती राबता, असे विचारले गेले, आणि उत्तर साऱ्या जगाच्या कामी आले. तोच प्रश्न आपण आपल्या सुनेला, लेकीला तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच विचारावा, आणि तिचे ताट आधी वाढावे. यासाठी यंत्राचीही गरज नाही.