क्वार्टर ते वार्ड : भिलाईच्या स्थानिक कारभाराची वाटचाल

गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या जुन्या वह्या चाळल्या तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. पूर्वीचे पत्ते सगळे एका साच्यातले : सेक्टर, स्ट्रीट, क्वार्टर नंबर. अलीकडच्या वह्यांत स्मृतीनगर, नेहरूनगर, रिसाली, वैशालीनगर अशी नावे आणि पुढे वार्ड क्रमांक. घर बदलले एवढाच याचा अर्थ नाही. आपल्यावर कारभार कोणाचा, हेही त्याबरोबर बदलले. पोलाद कारखान्याचा इतिहास आपण पुष्कळ ऐकतो, पण नळाला पाणी कोणी आणले आणि गल्लीतला दिवा कोणी लावला, याचा इतिहास सहसा कोणी सांगत नाही.

भिलाई हे नाव कारखान्याआधीचे आहे. दुर्ग जिल्हा १९०६ साली झाला आणि भिलाई हे त्यातले एक खेडे. त्या काळचा कारभार नागपूरहून चालत असे. मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारने १९४८ साली जनपद सभांचा कायदा केला आणि तहसीलवार स्थानिक कारभाराची व्यवस्था बसवली. विशेष म्हणजे २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत रशियाबरोबर भिलाईचा करार झाला, तेव्हाही राज्याची राजधानी नागपूरच होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपण भोपाळकडे. त्याआधी नागपूर-भंडाऱ्याहून भिलाईत येणारा माणूस परप्रांतात येत नव्हता, आपल्याच राज्यातल्या दुसऱ्या जिल्ह्यात येत होता. रेल्वेची एकच लाइन, तीही १८९१ पासून पार कलकत्त्याच्या बाजूला जोडलेली. आपल्या मंडळींचे पाय इथे का लागले, याचे अर्धे उत्तर यातच आहे.

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर सेक्टर उभे राहिले आणि त्यांचा कारभार पाहू लागला कारखान्याचाच नगर सेवा विभाग. रस्ते, पाणी, वीज, सफाई, डासांची फवारणी, बाजारातल्या दुकानांचे वाटप, सगळे एका छताखाली. शाळा कारखान्याच्या, सेक्टर ९ चे इस्पितळ कारखान्याचे. १९७२ साली मैत्रीबाग झाली. सेक्टर १ चे नेहरू सांस्कृतिक सदन, छत्तीसगढी लोककला महोत्सव, खेळांच्या स्पर्धा, हेही कारखान्यानेच दिले. आपला गणपतीसुद्धा वर्षानुवर्षे त्याच मैदानावर आणि त्याच विजेवर बसला, हे मान्य करायला हवे.

सोयी उत्तम होत्या. त्या काळी मध्य प्रदेशातल्या किती नगरपालिका अशा सोयी देत होत्या, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे. पण या राज्यात नागरिक नव्हता, ‘अलॉटी’ होता. भाडे पगारातून कापले जाई. नळ गळला तर अर्ज करायचा. मत देऊन गावचा कारभारी बदलावा, असा प्रश्नच नव्हता.

आणि हे सुख सेक्टरच्या हद्दीपुरते होते. सुपेला, कॅम्प, खुर्सीपार, कोहका येथे कंत्राटी मजूर, छोटे दुकानदार आणि जमीन गेलेले गावकरी राहत. १९७३ च्या नगर व ग्राम निवेश कायद्याखाली विशेष क्षेत्र प्राधिकरण, म्हणजे आपण ज्याला ‘साडा’ म्हणत आलो ते, आले आणि कारखान्याबाहेरच्या वस्त्यांचे काम पाहू लागले. तिथेही कारभार अधिकाऱ्यांचाच. एका बाजूला कंपनी, दुसऱ्या बाजूला प्राधिकरण. लाखो माणसांचे शहर, पण निवडून दिलेला महापौर नाही!

चरोद्याकडच्या आम्हा रेल्वेवाल्यांची तऱ्हा तिसरीच. मार्शलिंग यार्ड आणि लोको शेडच्या आधाराने वाढलेल्या आमच्या कॉलनीत नगरपिता म्हणजे ‘आयओडब्ल्यू’. हे पद केव्हाच सेक्शन इंजिनियर झाले, पण छप्पर गळले की बायामाणसे अजून ‘आयओडब्ल्यूला सांगा’ असेच म्हणतात.

१ जून १९९३ पासून संविधानाची ७४ वी दुरुस्ती अमलात आली आणि शहरांत निवडून आलेली संस्था हवी, असे ठरले. मात्र तिथे एक पळवाट ठेवली होती : जिथे उद्योगच नागरी सेवा देतो, ती जागा राज्यपाल ‘औद्योगिक नगरी’ म्हणून वगळू शकतात. भिलाईला ही वाट घेता आली असती. तसे झाले नाही. १९९८ साली भिलाई नगर निगम झाले आणि सेक्टरही त्याच्या हद्दीत आले. माझ्या मते भिलाईच्या नागरी इतिहासातली ही सर्वांत मोठी तारीख, पण तिचा वाढदिवस कोणी साजरा करीत नाही.

यातून एक विचित्र अवस्था तयार झाली. सेक्टरवाल्याला पार्षद मिळाला (आपण भिलाईत ‘नगरसेवक’ कुठे म्हणतो!), पण पाणी मरोदा तलावातून कारखानाच देत राहिला आणि दिव्याची तारही त्याचीच राहिली. पार्षदाकडे गेलो की तो म्हणणार, हे टाउनशिपचे काम. टाउनशिपच्या ऑफिसात गेलो तर उत्तर, हे निगमला विचारा. कारखान्याने निगमला संपत्तिकर किती द्यावा, यावरही वाद झाले. माझे मत विचाराल तर दोन मालक असलेल्या घराची डागडुजी नेहमी मागे पडते.

खरा फटका बसला तो निवृत्त मंडळींना. नोकरी संपली की क्वार्टर सोडायचे. काहींना घर लीजवर मिळाले, बाकीच्यांनी फंडाच्या पैशातून निगमच्या हद्दीत प्लॉट घेऊन बांधले. पस्तीस वर्षे ज्यांनी कधी घरपट्टी भरली नाही, नळजोडणीसाठी खेटे घातले नाहीत, ते साठीनंतर सुपेल्याच्या निगम कार्यालयात रांगेत उभे राहिले. नामांतरण, भवन अनुज्ञा, समेकित कर हे शब्द त्यांनी म्हातारपणी शिकले.

पुढे रिसाली वेगळे झाले. २० डिसेंबर २०२१ रोजी भिलाई, रिसाली आणि भिलाई-चरोदा या तीनही निगमांसाठी मतदान झाले : वार्ड अनुक्रमे ७०, ४० आणि ४०. भिलाई निगमच्या झोनांत खुर्सीपारकडच्या झोनचे नाव शिवाजीनगर आहे, हे आपल्यातल्या कितीजणांना माहीत आहे?

१ मे २०२२ रोजी राज्याने मितान योजना सुरू केली : १४५४५ वर फोन केला की जन्म-मृत्यू, जाती, निवासाचे दाखले काढून देणारा ‘मितान’ घरी यायचा. २०२५ च्या एप्रिल-मे महिन्यांत ‘सुशासन तिहार’ झाला. आधी समाधान पेटीत अर्ज टाकायचे आणि मग शिबिरात त्यांचे काय झाले ते विचारायचे. असे काही निघाले की आपल्या सत्तरीपलीकडच्या मंडळींना त्याची खबर बहुधा शेवटी लागते, कारण कारखान्याचे परिपत्रक विभागात फिरायचे, तसे निगमचे फिरत नाही. म्हणून यंदा मांडवात एक फळा ठेवला आहे. त्यावर तीनही निगमांची शिबिरे, तारखा आणि लागणारी कागदपत्रे लिहिली जातील. ज्यांना अर्ज भरता येतो अशा तरुणांनी आरतीनंतर अर्धा तास त्या फळ्याजवळ बसावे.