उघाडी

ठाण्यातील खारेगाव, भिवंडीजवळचे खारबाव ही नावे उच्चारताना त्यांतील 'खार' आता आपल्या कानाला जाणवत नाही. खार म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणारी खाडीकाठची जमीन. मातीचा ठेंगणा बांध घालून ती भातशेतीखाली आणली जाई. या बांधात 'उघाडी' असे. ओहोटीला ती उघडून साचलेले पावसाचे पाणी खाडीत सोडायचे, भरतीला मिटून खारे पाणी थोपवायचे. पावसाने मीठ धुऊन निघू लागले, की खारपणा सोसणारा 'राता' भात तेथे पिके.

धरण पाणी साठवते. खारबांध पाणी परतवतो. त्याला एका जागी खांड पडली, तरी शेजाऱ्याचे शेतही नासते. शेत ज्याने त्याने कसले, तरी बांध एकट्याचा असू शकत नाही. ठाणे-कुलाब्यातील शिलोत्री पद्धतीत बांधाची राखण शिलोत्रदाराने करावी आणि त्याबद्दल कुळांनी जादा भात द्यावे, असा व्यवहार होता. पुढे १९४८ आणि १९७९च्या खारजमीन कायद्यांनी ही जबाबदारी शासनाकडे वळवली.

कागदोपत्री शिलोत्रदाराचा हक्क उरला. चिखल घालणारे हात अनामिक राहिले. 'उघाडी', 'खांड' हे शब्द मात्र त्यांचे आहेत. वर्गात 'उघाडी : लहान दार' एवढाच अर्थ सांगून आम्ही पुढे जातो, तेव्हा त्या हातांचा उरलेला एकमेव दस्तऐवजही आम्हीच मिटवत असतो.