पानिपतची अष्टमी आणि मकरसंक्रांत

पानिपतचा संहार मकरसंक्रांतीच्या दिवशीं झाला, असा समज महाराष्ट्रांत सर्वत्र आढळतो. आमच्या घरीं तो नुसता समज नव्हता, कुळाचार होता. एक पूर्वज त्या रणांत पडले. म्हणून संक्रांतीस तीळगूळ करावयाचा नाहीं, हळदीकुंकू नाहीं, लेकरांचें बोरन्हाण नाहीं, हा दंडक आम्हीं आजीच्या तोंडून ऐकिला आणि साठ वर्षें निमूटपणें पाळिला.

गेल्या वर्षीं मार्गशीर्षांत आमचा एकुलता मुलगा निवर्तला. त्या वर्षीं घरांत कोणताच सण झाला नाहीं. यंदा वर्षश्राद्ध आटोपल्यावर सूनबाई पुढें येऊन म्हणाल्या, "मामंजी, पुढल्या वर्षी बाळाचं बोरन्हाणाचं वय सरेल. पानिपत खरंच संक्रांतीला झालं होतं का?" शिक्षकी पेशांत जन्म गेलेल्या माणसास असा प्रश्न आज्ञेसारखा असतो. आम्हीं कागद उलगडले.

युद्धाचा दिवस शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. इंग्रजी तारीख १४ जानेवारी १७६१. याविषयीं वाद नाहीं. परंतु संक्रांत तिथीवर अवलंबून नसून सूर्याच्या मकरराशिप्रवेशावर अवलंबून असते. आपलें सौर वर्ष निरयन, इंग्रजी वर्ष सायन. त्यामुळें सुमारें साठ-सत्तर वर्षांस एक दिवस या मानानें संक्रांत इंग्रजी तारखेंत पुढें सरकते. स्वामी विवेकानंद संक्रांतीच्या दिवशीं जन्मले, हें सर्वश्रुत आहे. ती तारीख १२ जानेवारी १८६३ होती. तेथून १०२ वर्षें मागें जाऊन दिवस मोजले असतां १७६१ ची संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास, म्हणजे पौष शुद्ध चतुर्थीच्या आगेंमागें पडते. अष्टमी अद्याप यावयाची होती.

मग हा समज आला कोठून? आमचें अनुमान असें कीं, विसाव्या शतकांत संक्रांत बहुधा १४ जानेवारीस येऊं लागली; क्रमिक पुस्तकांत पानिपतचीही तारीख तीच; दोहोंची गांठ पडली. ही गांठ वर्गांत फळ्यापुढें उभे राहून आम्हीं स्वतः कित्येकदां घट्ट केली आहे, हें येथें कबूल केलें पाहिजे. 'संक्रांत कोसळणें' हा वाक्प्रचार पुरावा म्हणून पुढें करण्यांत येतो, पण तोही टिकत नाहीं. संक्रांतीचें वाहन, वस्त्र, ती कोठून येते व कोणीकडे पाहते, आणि जिकडे तिची दृष्टि तिकडे अनिष्ट, हें फल पंचांगांत सांगितलेलें असतें. त्या वाक्प्रचारास तेवढा आधार पुरे आहे. पानिपतनें मराठी भाषेस जो वाक्प्रचार दिला, तो 'पानिपत होणें' हा होय.

चार दिवसांचें अंतर तें काय, असें कोणी म्हणेल. पण तो हंगाम तिथीवार मांडून पाहावा. कुंजपुरा १७ ऑक्टोबर १७६० रोजीं हस्तगत झाला. धान्याचा मोठा सांठा सांपडला. दोन दिवसांनीं आलेला दसरा जेत्यांचा दसरा होता. पुढें आठवड्याभरांत अब्दालीनें बागपताजवळ यमुना ओलांडली आणि नोव्हेंबरच्या आरंभीं दोन्ही दळें पानिपतपाशीं एकमेकांसमोर ठाकलीं. दिवाळीची अमावास्या छावणींतच गेली. ७ डिसेंबरास बळवंतराव मेहेंदळे पडले. त्याच महिन्यांत गोविंदपंत बुंदेले मारले गेले व रसदेचा उरलासुरला मार्गही तुटला. लढवय्यांबरोबर बायकापोरें आणि यात्रेकरू होतेच. संक्रांत आली ती अशा उपासमारींत. तथापि त्या दिवशीं विश्वासराव होते, भाऊसाहेब होते, आणि अष्टमीस पडलेले, आमच्या पूर्वजांसारखे हजारों अनाम लोकही होते. ज्या दिवशीं आमचे पूर्वज जिवंत होते तोच दिवस त्यांच्या मरणाचा म्हणून आम्ही पाळीत होतों!

ज्यांनीं तें संकट अंगावर घेतलें त्यांच्या पुढील आयुष्याकडे पाहावें. नाना फडणीस त्या वेळीं अठरा वर्षांचे. आई व पत्नी यांसह ते छावणींत होते. पत्नी वांचली, आई अंतरली. त्यानंतर १८०० च्या मार्चांत देह ठेवीपर्यंत त्यांनीं आणखी ३९ संक्रांती पाहिल्या. महादजी शिंदे पायास कायमचें अधूपण घेऊन परतले. त्यांच्याच आश्रयानें बादशहा शहाआलम ६ जानेवारी १७७२ रोजीं दिल्लींत पुनः प्रवेश करिता झाला. तोही पौषच होता, आणि संक्रांत चार-पांच दिवसांवर होती. राज्यें सांवरलीं तीं दहा-अकरा वर्षांनीं. घरें कधीं सांवरलीं, हें बखरकार लिहीत नाहींत. त्यासाठीं घरगुती कागदांकडेच वळावें लागतें.

आमच्या घरच्या रुमालांत सवाई माधवरावांच्या कारकीर्दींतील खर्चाची एक मोडी यादी आहे. कडा कसरीनें खाल्लेल्या, दोन बंद गहाळ. कामाची नव्हे म्हणून ती आम्हीं आजवर बाजूस ठेविली होती. या वेळीं भिंग घेऊन बसलों, तों पौषाच्या खर्चांत तीळ, गूळ आणि 'मुलांस बोरें' अशा तीन नोंदी एकाखालीं एक निघाल्या. यादी लिहिणारा आमच्या हिशेबीं त्या पडलेल्या पूर्वजांचा पुतण्या असावा. ज्यानें चुलता गमावला त्याच्या घरीं सण होत होता. आणि सहा पिढ्यांनंतरच्या आम्हीं तो बंद ठेविला होता. दंडक केव्हां व कोणीं घातला, तें यादीवरून कळत नाहीं.

यादी सूनबाईंस वाचून दाखविली. त्या कांहीं बोलल्या नाहींत. उठून तीळ निवडावयास बसल्या. बोरन्हाण झालें. नातवाच्या डोक्यावरून बोरें ओतलीं तेव्हां घरांत कोणाचेही डोळे कोरडे नव्हते, आणि पोर मात्र बोरें वेंचण्यांत दंग होतें.

ज्यांच्या संग्रहीं शके १६८३ ते १७०० या काळांतील कौटुंबिक खर्चाच्या याद्या असतील, त्यांनीं पौषांतील नोंदी कृपा करून पाहाव्या, व तीळगुळाचा खर्च आढळल्यास किंवा नेमका त्याच ठिकाणीं खंड दिसल्यास नकल मंडळाकडे पाठवावी.