मलचाचणी (मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी)

मोठे आतडे व गुदाशय यांचा कर्करोग लक्षणे दिसण्याआधी हुडकण्यासाठी केलेली मळाची तपासणी. शरीरात नळी वा सुई घालावी लागत नाही. नमुना घरीच घेता येतो. हा कर्करोग बहुधा आतड्याच्या अस्तरावरील पॉलिप नावाच्या गाठीतून, दहाएक वर्षांत संथ गतीने वाढतो. अशा गाठींतून अधूनमधून डोळ्यांना न दिसणारे रक्त झिरपते. त्याचा शोध हा या चाचण्यांचा पाया आहे.

प्रकार : (१) ग्वायॅक चाचणी. ग्वायॅक झाडाची राळ लावलेल्या कागदावर मळ पसरून हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब टाकतात. रक्त असल्यास कागद निळा होतो. लाल मांस व काही कच्च्या भाज्यांनीही निळा रंग येऊ शकत असल्याने पथ्य पाळावे लागते. (२) फिट (फीकल इम्युनोकेमिकल टेस्ट). यात प्रतिपिंडे फक्त मानवी रक्तातील ग्लोबिन हे प्रथिन ओळखतात, त्यामुळे पथ्य नको. (३) मलातील डीएनए चाचणी. रक्तासोबत गाठीच्या पेशींतील जनुकीय बदलही तपासतात. अमेरिकेत तिला २०१४ मध्ये मान्यता मिळाली. ती फिटपेक्षा अधिक कर्करोग पकडते, पण महाग आहे आणि निरोगी माणसांतही अधिक वेळा सकारात्मक येते.

पुरावा व वापर : अमेरिकेतील मिनेसोटा अभ्यासात (१९९३) दरवर्षी ग्वायॅक चाचणी करणाऱ्या गटात या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटले. जपानने १९९२ पासून चाळिशीपुढील सर्वांसाठी फिट सुरू केली. भारतात हा कर्करोग पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आढळतो. सरकारी चाळणी तपासणीत तोंड, स्तन व गर्भाशयमुख या तीनच कर्करोगांचा समावेश आहे. त्यामुळे मलचाचणी इथे डॉक्टरांच्या सल्ल्याने, वैयक्तिक पातळीवरच होते.

नमुना व उष्णता : फिटच्या बाटलीच्या झाकणाला खाचा असलेली काडी असते. मळावर चारपाच ठिकाणी काडी फिरवून खाचा भरल्या की ती द्रावणात बुडवून झाकण घट्ट लावतात. मळ संडासातील पाण्यात पडण्यापूर्वी कागदावर झेलावा. उष्णतेने ग्लोबिन विघटते आणि रक्त असूनही निकाल नकारात्मक येऊ शकतो. इटलीतील फ्लोरेन्समध्ये उन्हाळ्यात सकारात्मक निकाल घटल्याचे आढळले. ऑस्ट्रेलियात उष्ण भागांत कडक उन्हाच्या महिन्यांत संच पाठवत नाहीत. आपल्याकडे झाशीत मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांपुढे जातो. नागपूर-चंद्रपूरचीही तीच गत. झाशी जिल्ह्यातल्या मऊरानीपूरहून बसने झाशीच्या प्रयोगशाळेत येणारी बाटली वाटेतच तापते. म्हणून अशा प्रदेशांत चाचणी शक्यतो हिवाळ्यात करावी. उन्हाळ्यात करणे भागच असेल, तर बाटली थंड ठेवून लवकरात लवकर पोचवावी.

निकाल : सकारात्मक निकाल म्हणजे कर्करोगच असे नव्हे, मूळव्याधीनेही तो येतो. पण कारण मूळव्याधच आहे असे आपणच ठरवू नये; दुर्बिणीची तपासणी (कोलोनोस्कोपी) करून घ्यावी. तीत सापडलेला पॉलिप बहुधा तिथल्या तिथे काढता येतो आणि कर्करोग होण्याआधीच टळतो. ही पुढची तपासणी झाली नाही, तर मलचाचणी केल्याचा उपयोग नाही. नकारात्मक निकाल कायमचा नसतो. फिट दर एक-दोन वर्षांनी पुन्हा करावी लागते. शौचातून रक्त पडणे, शौचाच्या सवयी बदलणे, विनाकारण वजन घटणे किंवा रक्तक्षय अशी लक्षणे असतील, तर निकाल नकारात्मक असला तरी डॉक्टरांना दाखवावे.